कान्हेरीचं पाणी

बोरिवली स्टेशनपासून नॅशनल पार्कचं फाटक जवळ आहे, पण लेणी तिथून आत सहा-सात किलोमीटरवर. आत बस मिळते. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आणि डबे पिशवीच्या तळाशी ठेवा. पोळीभाजीचा वास माकडांना आपल्याआधी लागतो.

कृष्णगिरी, कण्हगिरी, कान्हेरी. काळ्या बसाल्टाच्या या टेकडीत शंभरावर लेणी आहेत. बहुतेक कुटुंबं तीन नंबरचं चैत्यगृह बघतात, ओसरीतल्या सातेक मीटर उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि घामाघूम होऊन खाली उतरतात. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. खरं सांगायचं तर, कार्ले पाहून आलेल्याला इथलं काम उरकल्यासारखं वाटतं: काही खांब कोरलेले, काही नुसतेच अष्टकोनी सोडून दिलेले.

कान्हेरी कळते ती वर चढल्यावर. पहिल्या पावसानंतर मी भाच्यांना घेऊन गेलो होतो. धाकट्याला मूर्तींचं काही नव्हतं, त्याने विचारलं, "इथे नळ कुठे होता?" त्याला उत्तर पायाखालीच सापडलं. उतारावर खडकात बोटभर-वीतभर रुंदीचे पाट खणलेले आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वाहत जाऊन लेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यात पडतं. तो एकेका पाटामागे धावत सुटला, आणि टाकं सापडलं की ओरडून आम्हाला बोलवायचा. बहुतेक विहारांना असं आपलं टाकं आहे. ब्राह्मी लेखांत त्याला पोढी म्हटलंय. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या लोकांनी लेणी दिली, तशा पोढीही दिल्या, आणि दगडावर तसं लिहून ठेवलं. भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत, पण पुढच्या आठ महिन्यांची तहान त्याच पावसावर भागवायची होती. त्याशिवाय या उघड्या खडकावर एवढी वस्ती हजारेक वर्षं टिकती ना.

अकरा नंबरच्या दरबार लेण्यात लांबच लांब दोन बुटके ओटे आहेत. मुलांना ती पंगत वाटली, आणि तसं वाटण्यात फारसं चूकही नाही. एकेचाळीसमध्ये अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. ती डोकी मोजताना भांडण झालं.

पाय दुखत नसतील तर नव्वद नंबरपर्यंत जा. तिथे पहलवी लिपीत पारशांची नावं कोरलेली आहेत. 1009 मध्ये दोनदा आणि 1021 मध्ये एकदा ही मंडळी इथे आली होती, तिन्ही वेळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाऊस सरलेला, टाकी भरलेली, ऊन अजून सोसवणारं. मुंबईकर आजही सहलीला तेच दिवस धरतात. नाव कोरून ठेवलं तर मात्र आता पुरातत्त्व खातं मागे लागेल.