राजवाडे आणि रुमालात बांधलेला इतिहास

जुनी पत्रं जमवण्याचा छंद अनेकांना असतो. मोठ्या माणसाची सही असलेला कागद काचेत लावायचा, आल्यागेल्याला दाखवायचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं वेड मात्र निराळं. त्यांना सहीपेक्षा मजकूर हवा होता आणि सुट्या पत्रापेक्षा सबंध दप्तर.

१८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यातली पत्रं १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची. पुढे एकूण २२ खंड झाले. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. पण कागद सहजी कोण दाखवणार? इनाम कमिशनची धास्ती घरोघर मुरलेली. कागद म्हणजे वतनाचा पुरावा. परक्यानं वाचला आणि भलतंच निघालं तर? म्हणून दप्तर माळ्यावर राहायचं, आणि तिथं ओल नि वाळवी आपलं काम करायची.

बरं, पत्र मिळालं. आता ते कधीचं? पुष्कळ पत्रांवर नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, सालच नाही. असलं तर अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे बघा. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६१. हा सुहूर सन. तो मृगापासून सुरू होतो. डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. म्हणजे जानेवारीतलं पत्र १७६१ चं, ऐन पानिपताचं!

आणि साल नसेलच तर? मग त्याच रुमालातली शेजारची पत्रं साक्ष देतात. कोणाचा मुक्काम कुठे, कोणती रसद अडली, यावरून काळ बांधता येतो. म्हणूनच दप्तर विस्कटलं की अर्धा पुरावा गेला.

पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या अपयशाचा मोठा दोष गोविंदपंत बुंदेल्यांवर ठेवला. पुढच्या अभ्यासकांनी तो जसाच्या तसा मान्य केला नाही. तो तपासता आला, कारण पत्रं छापलेली होती. संग्राहकानं स्वतःलाच खोडायची साधनं लोकांच्या हाती दिली! १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करण्यामागेही हीच दृष्टी होती: कागद एकाच्या कपाटात अडकू नयेत.

तेव्हा तुमच्या घरी असा रुमाल निघाला, तर पत्रांचा क्रम मोडू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आहे तसा मोडी जाणकाराला दाखवा. वाचल्याशिवाय रद्दीत मात्र घालू नका.