डाव्या कुशीतलं पित्ताशय

छातीचा एक्स-रे काढताना फिल्मच्या कोपऱ्यात एक छोटी खूण उमटवतात : 'आर' किंवा 'एल', उजवी की डावी. दहा हजारांत साधारण एकाच्या फिल्मवर हृदयाचं टोक उजवीकडे वळलेलं दिसतं आणि पाहणाऱ्याचा हात आपसूक फिल्म उलटी करायला जातो. खूण वाचली तर कळतं की फिल्म बरोबर आहे. या माणसाचं यकृत आणि पित्ताशय डावीकडे आहे, प्लीहा उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे. डॉक्टर याला 'सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस' म्हणतात. मॅथ्यू बेली यांनी १७८८ साली त्याचं तपशीलवार वर्णन केलं.

सुरत शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४४ लाखांच्या वर होती. वरच्या प्रमाणाने हिशेब केला तर एकट्या सुरतेत अशी चारशेहून जास्त माणसं असायला हवीत. त्यातली काही उधना, लिंबायत, दिंडोलीतल्या खानदेशी घरांतही असणार. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापीकाठच्या रेल्वेने आलेली ही कुटुंबं आता तीन-तीन पिढ्यांची सुरतकर झाली आहेत. पित्ताशयातल्या खड्यांना शेजारी गुजरातीत 'पथरी' म्हणतात, यांच्या घरात 'पित्ताच्या पिशवीत खडे' म्हणतात. खडे सगळ्यांनाच होतात. उलट्या रचनेमुळे ते जास्त होतात असं काही नाही. पण तळलेलं खाल्ल्यावर डाव्या बरगडीखाली कळ आली, तर पित्ताशयाचा संशय कोणाला येणार? आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या होतात, मग मुतखडा, मग हृदय. काहींना तर कळ पोटाच्या मध्यावरच येते. सोनोग्राफीत उलगडा होतो.

पुढे शस्त्रक्रिया. पित्ताशय दुर्बिणीतून पहिल्यांदा काढलं ते जर्मनीतल्या एरिख म्यूहे यांनी, १२ सप्टेंबर १९८५ रोजी. भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. ते १९७२पासून पोटात दुर्बीण घालून निदान करत होते. महागडं तंत्र गरीब देशाला कशाला, या आक्षेपावर त्यांचं उत्तर पक्कं होतं : लवकर कामावर परतण्याची गरज गरिबालाच सर्वांत जास्त असते. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या चिरेनंतरचे कित्येक आठवडे म्हणजे तेवढी मजुरी बुडाली.

अवयव उलटे असलेल्या रुग्णावर दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा नोंदली गेली १९९१ मध्ये, ३९ वर्षांच्या एका बाईवर. तेव्हापासून जगभर अशा नोंदी होत आल्या आहेत आणि बहुतेक रुग्ण सुखरूप घरी गेले आहेत. अडचण असते ती सर्जनच्या हातात. एरवी सर्जन रुग्णाच्या डाव्या अंगाला उभा राहतो, पडदा समोर रुग्णाच्या उजव्या खांद्याशी असतो. छातीच्या हाडाखालच्या छिद्रातून उजवा हात नाजूक सोडवणूक करतो आणि डावा पित्ताशयाची मान धरून ताण देतो. इथे सगळं फिरवायचं. सर्जन उजव्या अंगाला, पडदा डाव्या खांद्याशी, आणि ते वरचं छिद्र नेमकं डाव्या हाताच्या वाट्याला. उजवखुऱ्या माणसाने डाव्या हाताने पित्ताशयाची नलिका आणि धमनी वेगळी करायची! मग कोणी डाव्या हाताने मान धरतो आणि बरगडीखालच्या दुसऱ्या छिद्रातून उजव्या हाताने काम करतो. कोणी मान सहायकाच्या हाती देतो, कोणी रुग्णाच्या दोन पायांमध्ये उभा राहतो. वेळ जास्त लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

कारण खरा धोका नजरेचा आहे. लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मुख्य पित्तनलिकेला इजा झालेल्या २५२ शस्त्रक्रिया तपासल्या. ९७ टक्के चुकांच्या मुळाशी दृष्टिभ्रम निघाला : हात तरबेज होता, डोळ्यांनी मुख्य नलिकेलाच पित्ताशयाची नलिका मानलं. हे सरळ रचनेच्या पोटात घडतं, तर उलट्या पोटात सवयीवर विसंबून कसं चालेल? सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली मांडलेला नियम इथे दुप्पट कसोशीने पाळायला हवा : पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. दिसत नसेल तर पोट उघडावं. त्यात कमीपणा नाही.

हा उलटेपणा येतो गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत. गर्भातल्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या फिरण्याने द्रव डावीकडे वाहतो आणि डावं-उजवं ठरतं, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये उंदरांत दाखवलं. हे तंतू जन्मतःच निकामी असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचे अवयव उलटे असतात. बाजू जणू नाणेफेकीने ठरते. तसेच तंतू श्वासनलिकेतही असतात. म्हणून अशा रुग्णाला लहानपणापासून सर्दी-खोकला असेल, तर भूलतज्ज्ञाला ते आधी सांगायला हवं.

माझी एक विनंती आहे. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या अहवालात अवयव उलट बाजूला असल्याची नोंद असेल, तर तो कागद कपाटात टाकू नका. त्याची प्रत पाकिटात, आधार कार्डाशेजारी ठेवा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. अपघातानंतर बेशुद्ध माणूस आपलं यकृत कुठे आहे हे सांगू शकत नाही.