इटियाडोहाच्या नहरीवरून सायकल

डांबर नको, गाड्या नकोत आणि चढही फार नको, अशा तीन अटी घालून सायकल बाहेर काढणाऱ्याला महाराष्ट्रात बहुतेक जण सह्याद्रीचा रस्ता दाखवतात. तिथे पहिल्या दोन अटी कशाबशा पुऱ्या होतात, तिसरी जवळपास कधीच नाही. तिन्ही पुऱ्या करायच्या तर पूर्व विदर्भात, गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत यावं. अशा कच्च्या, खडीच्या वाटांवरच्या सायकलिंगला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात; त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली इटलीत व्हेनेतोमध्ये झाली, तीही बऱ्याचशा सपाट मुलखातून. आपल्याकडे तसा मुलूख नवेगावबांध आणि इटियाडोह धरणाच्या आसपास आहे. फक्त तिथे कुणी सायकलवाल्यांसाठी पाट्या लावलेल्या नाहीत. मार्ग आपला आपण लावायचा असतो, आणि तो लावायचा तर आधी तिथलं पाणी कसं चालतं ते समजून घ्यावं लागतं.

पाण्याची पहिली व्यवस्था मामा तलावांची. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी इथे तलाव बांधायला सुरुवात केली. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या भिजणाऱ्या जमिनीवर सवलत मिळे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. असे लहानमोठे हजारो तलाव वैनगंगेच्या खोऱ्यात आहेत. रचना सगळीकडे तीच. तीन बाजूंनी उंचवटा, चौथ्या बाजूला मातीची पार. पारीच्या पोटात पाणी सोडायचं तुडूम, आणि एका टोकाला जादा पाणी निघून जायला सलंग. सलंगातून सुटलेलं पाणी खालच्या तलावात जातं, त्याचं आणखी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात.

सायकलवाल्याला यातून दोन गोष्टी कळतात. एक, तलाव साखळीने असतात, त्यामुळे एका पारीवरून दुसऱ्या पारीकडे जाणारी पायवाट किंवा बैलगाडीचा रस्ता बहुधा असतोच. दुसरं, पार कितीही सुरेख असली तरी ती सलंगापाशी तुटते. पावसाळा संपल्यावरही तिथे काही आठवडे शेवाळलेल्या दगडांवरून पाणी वाहत असतं. उतरून सायकल खांद्यावर घ्यावी. चाकावरून जायची हौस तिथे करू नये.

दुसरी व्यवस्था कालव्यांची. इथले लोक कालवा म्हणत नाहीत, नहर म्हणतात. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण १९७० मध्ये पुरं झालं. गोठणगावजवळच्या या धरणाचं पाणी अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, वडसा, आरमोरी या तालुक्यांतल्या धानाला जातं. नहर उंचावरून निघते आणि उंची जमेल तितकी राखत पुढे जाते, कारण एकदा खाली उतरलेलं पाणी पुन्हा वर चढवता येत नाही. म्हणून मुख्य कालव्याला उतार अगदी नाममात्र ठेवतात, साधारण किलोमीटरला वीस-पंचवीस सेंटिमीटर. टेकडी आली की नहर तिला वळसा घालते. तिच्या कडेचा सेवापथ, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या लोकांची जीप जावी म्हणून ठेवलेला मुरमाचा रस्ता, तिच्याच पातळीने जातो. तासन्‌तास पायडल मारूनही चढ लागत नाही तो यामुळे. मात्र उतारही लागत नाही, पाय मोकळे सोडायला सवड मिळत नाही, आणि नवख्याला दुपारपर्यंत ते जाणवायला लागतं.

सेवापथ बहुधा एकाच काठावर नीट असतो. दुसरा काठ अरुंद, झुडपांनी भरलेला. उपग्रहाच्या चित्रात पांढुरकी रेघ ज्या काठाला दिसते तो धरावा. वाटेत जिथे नाला आडवा येतो तिथे नहर त्याच्यावरून किंवा खालून नेलेली असते. अशा बांधकामापाशी सेवापथ कधी सरळ पुढे जातो, तर कधी नाल्यात उतरून पलीकडे चढतो, आणि कधी चक्क संपतो. मग मागे फिरून आधीच्या पुलावरून काठ बदलावा लागतो. नकाशावर मार्ग आखताना सगळा वेळ या ठिकाणांवर घालवावा, मधल्या सरळ पट्ट्यांची काळजी नको. काठावरचे साखळी क्रमांकाचे दगड वाचायची सवय करावी. धरणापासून किती आलो ते त्यावरून कळतं, मोबाइलला रेंज नसली तरी.

पाणी प्यायला किंवा हात धुवायला नहरीत उतरू नये, हे मात्र ठासून सांगायला हवं. काँक्रीटच्या अस्तराला शेवाळ धरलेलं असतं, काठाचा उतार तीव्र असतो, आणि घसरलेल्या माणसाला धरायला काही नसतं. गावात हापसे आहेत.

आता माती. इथला शेतकरी जमिनीला एका नावाने ओळखत नाही. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी नावं आहेत आणि सायकलवाल्यानेही ती शिकून घ्यावीत. बरडी आणि खरडी म्हणजे हलकी, खडेमिश्रित. पाऊस पडून गेला तरी ती लवकर सुकते आणि चाकाला मानवते. कन्हार काळी, चिकट. ओली असताना ती टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत इतकी भरते की चाक फिरायचंच थांबतं. काडीने खरवडत बसावं लागतं. सुकली की तिच्यावर ट्रॅक्टरच्या लोखंडी केजव्हीलचे ठसे दगडासारखे कडक होतात. रोवणीच्या चिखलात फिरलेले हे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की मुरमालाही फाडतात. ४० मिलिमीटरचं टायर आणि ३५ ते ४० पीएसआय हवा इतकं असलं तर हे ठसे सोसतात. हवा त्याहून जास्त भरली तर मनगटं दुखतात. ट्यूबलेस असेल तर उत्तम, कारण बाभूळ आणि बोरीचे काटे रस्त्यावर पडलेले असतात. मात्र आतलं सीलंट इथल्या उन्हात लवकर सुकतं, निघण्याआधी तपासावं. महागडी सायकल लागतेच असं नाही. रुंद टायर बसणारी कुठलीही हायब्रीड चालते.

कधी जायचं हे धान ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, तेव्हा रस्तेच नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. त्या वेळी धानाच्या गाड्या चालू असतात आणि डांबरी रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेला असतो; त्यावरून चाक नेणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात पाय देणं. नोव्हेंबर सरला की बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, मोकळ्या होतात, त्यांत लाखोळीचं पीक हिरवं दिसायला लागतं, मुरूम घट्ट बसलेला असतो. तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आपला. मार्चपासून मोहफुलं पडतात, लोक पहाटे जंगलात वेचायला जातात आणि अस्वलंही त्याच वासाने येतात.

जंगलाची गोष्ट हलक्यात घेऊ नये. नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. आतले रस्ते वनविभागाच्या परवानगीशिवाय आपले नाहीत. गावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते जंगलातून जातात तेवढे पुरेसे आहेत, तेही सूर्य वर आल्यावर आणि मावळायच्या बऱ्याच आधी. एकट्याने जाऊ नये, कानात गाणी घालू नयेत. गावकऱ्याने ‘तिकडं नका जाऊ’ म्हटलं तर कारण विचारत बसू नये. अंधारात शेतातून आडवाट घेण्याचा धोका वेगळाच. रानडुकरांसाठी काही जण बेकायदा वीजप्रवाह सोडलेल्या तारा लावतात, त्या दिसत नाहीत.

आता प्रत्यक्ष मार्ग. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर अर्जुनीला उतरून उत्तरेला नवेगावबांध गाठावं. लेखक मारुती चितमपल्लींमुळे इथला तलाव मराठी वाचकाला ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. पहिला मुक्काम इथे. हिवाळ्यातल्या पाणपक्ष्यांसाठी सकाळ राखून ठेवावी, निघायची घाई करू नये. दुसऱ्या दिवशी लहानसहान तलाव धरत गोठणगाव, धरण, आणि तिथून नहर. सेवापथ सार्वजनिक रस्ता नव्हे, तो पाटबंधारे खात्याचा आहे. चौकीदार भेटला तर थांबून कुठून आलो, कुठे चाललो ते सांगावं. अडथळा लावलेला असेल तर वाद न घालता शेजारच्या गावरस्त्याने जावं. मुख्य नहर सोडून वितरिका धरली की रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटी कुणाच्या तरी बांधीत संपतो, म्हणून वडशाच्या दिशेने मुख्य नहरच धरून राहावं.

वडसा याच रेल्वेमार्गावर आहे. सायकल लगेजमध्ये नोंदवायची तर गाडीच्या बऱ्याच आधी स्थानकावर पोचावं. रात्र काढायची असेल तर वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं आहे, आणि सायकलीचा हंगाम तोच नाटकांचाही. आसपासच्या कुठल्यातरी गावात मंडप पडलेला असतो आणि प्रयोग रात्रभर चालतो. तिथे मात्र सायकलने जाऊ नये. नाटकाला निघालेल्या एखाद्या गाडीत जागा मागावी, मिळते.