तरुणांचा वाजणारा गुडघा : आधी निदान, मग तैल

जिना चढताना गुडघा 'कट्' वाजतो, ही तक्रार घेऊन पुण्यातील आपल्या चिकित्सालयांत केवळ वृद्धच येत नाहीत. पोलीस भरतीसाठी धावणारे, सिंहगड चढणारे, कथकचा रियाज करणारे तरुणही येतात. लगेच 'संधिगत वात' लिहून गुग्गुळ कल्प देण्याचा मोह टाळावा, असे आम्हांस वाटते. चरकाचार्यांनी या व्याधीत शोथ व आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना सांगितली आहे. केवळ आवाज नव्हे. वेदना, सूज, अडकणे यांपैकी काहीही नसलेला आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. तेथे धीर देणे हीच चिकित्सा होय.

इतर रुग्णांत आवाजाची जागा बोटाने दाखवण्यास सांगावे व तेथे बोट ठेवून त्यास उठाबशा काढावयास लावाव्यात. लहान मुलात बाहेरच्या बाजूस 'खट्' होऊन पाय पूर्ण सरळ होत नसेल, तर सांध्यातील कूर्चा (मेनिस्कस) जन्मतःच चकतीसारखी असण्याची शक्यता असते, एमआरआय करावा. खोल बसताना बाहेर-मागे कंडरा सरकलेली बोटास जाणवली, तर मांडीमागील पेशीची (बायसेप्स फीमोरिस) कंडरा फिब्युलाच्या शिरावरून घसरत असते. स्थिर स्थितीतील एमआरआय येथे निर्दोष येऊ शकतो; हालचाल करवून केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. आत-मागे आवाज व कठीण उंचवटा असल्यास क्ष-किरण चित्र घ्यावे. हाडाच्या वाढीवरून कंडरा घसरत असू शकते.

सुश्रुताचार्यांनी स्नायु-संधि-अस्थिगत वातात स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे. कंडरा घसरत असल्यास स्नेहन-स्वेदनाने ताठरता व वेदना कमी होण्यास साहाय्य होते. जोडीस खोल बैठका काही काळ बंद ठेवून मांडीचे व्यायाम द्यावेत. मात्र फाटलेली कूर्चा वा हाडाची वाढ तैलाने पूर्ववत होत नाही. अडकणारा गुडघा किंवा न थांबणारा त्रास असल्यास अस्थिशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. जानु हे वैकल्यकर मर्म आहे, याचा विसर पडू नये.

औषधालयचालकांस विनंती, की तरुण ग्राहक महिनोन्महिने गुग्गुळ नेत असेल तर त्याला वैद्यांकडे पाठवावे. रात्री झोपमोड करणारी वेदना, वाढती गाठ, ज्वर वा वजन घटणे असल्यास एक दिवसही दवडू नये. किशोरवयात हाडाचा कर्करोग गुडघ्याजवळच अधिक आढळतो.