पाठ करावयाचे आणि उलगडावयाचे

अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये रसायनशास्त्राला जो दर्जा मिळतो, तो या विषयावर जीव असलेल्या माणसाला खटकल्यावाचून राहत नाही. गणित हा बुद्धीचा विषय, भौतिकशास्त्र हा कल्पनाशक्तीचा विषय आणि रसायन म्हणजे पाठांतराच्या जोरावर लवकर उरकून वाचलेला वेळ गणिताच्या हवाली करावयाचा विषय, अशी समजूत अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्या मनात पक्की होऊन बसते. जेईई मेनच्या तीन तासांत ७५ प्रश्न सोडवावयाचे असतात, त्यांपैकी २५ रसायनाचे. म्हणजे ३०० गुणांपैकी पुरते १०० या विषयाच्या पदरात आहेत. तथापि दोन उमेदवार समसमान ठरले, तर त्यांचा क्रम लावताना आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे आणि त्यानंतर रसायनाचे गुण पाहावयाचे, हा परीक्षेचा शिरस्ताही त्या समजुतीला अनायासे पुष्टी देतो. ‘सर, केमिस्ट्री चाळीस मिनिटांत काढायची आणि मॅथ्सला बसायचं,’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे की, ते त्यांना कोणी शिकविले असेल याचा शोध घेण्याचे मी सोडून दिले आहे.

मी लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायन शिकवितो. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर या बाजूंनी आलेली, एका खोलीत तिघेचौघे राहणारी, मेसचा डबा लावून रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसणारी ही मुले कष्टाला तिळमात्र मागे नाहीत. त्यांची दिनचर्या जवळून पाहत आल्यामुळे माझे एक मत बनले आहे, आणि ते असे की, रसायनाच्या तयारीतले खरे श्रम पाठांतराचे नाहीत आणि आकडेमोडीचेही नाहीत. समोर आलेल्या गोष्टींपैकी कोणती निमूटपणे स्मरणात ठेवावी लागेल आणि कोणती कारणावरून उलगडून काढता येईल, याची वाटणी करण्याचे ते श्रम आहेत. ही वाटणी ज्याला साधली त्याला विषय हलका होतो. जो ती करीतच नाही तो सगळाच मजकूर पाठ करू लागतो आणि दिवाळीच्या सुमारास, मुलांच्याच भाषेत सांगावयाचे तर, त्याचा ‘बॅकलॉग’ आवरेनासा होतो.

विषयाचे भौतिक, सेंद्रिय आणि असेंद्रिय असे तीन भाग परंपरेने चालत आले आहेत. त्यांतल्या भौतिक रसायनात ही वाटणी सर्वांत सोपी. तेथे सूत्रे थोडी आणि त्यांच्यामागचा विचार स्पष्ट असतो. अडचण येते ती सूत्र लावण्याच्या घाईमुळे. पन्नास मिलिलीटर ॲसेटिक आम्लात तेवढ्याच तीव्रतेचे पंचवीस मिलिलीटर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळले, तर द्रावणाचा पीएच किती, असे विचारले की पुष्कळ मुले लागलीच पेन उचलून समतोलाचे वर्गसमीकरण मांडू लागतात. जो क्षणभर थांबतो त्याला दिसते की, नेमके निम्मे आम्ल उदासीन झाले आहे, म्हणजे आम्ल आणि त्याचे लवण यांचे प्रमाण सारखे आहे आणि पीएच हा आम्लाच्या पीकेएइतकाच असावयास हवा. विघटन स्थिरांक १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात दिला असेल, तर आता फक्त १.८ चा लॉग पाहिजे. परीक्षेत गणकयंत्र नसते. परंतु दोनचा लॉग ०.३०१० आणि तीनचा ०.४७७१ हे दोन आकडे ज्याला मुखोद्गत आहेत, तो अठरा म्हणजे दोन गुणिले तीनचा वर्ग हे ओळखून ०.२५५ पर्यंत पोहोचतो आणि ४.७४ हे उत्तर लिहून मोकळा होतो. स्मरणाचे काम केवळ दोन आकड्यांचे, बाकी सारे पाहण्याचे. बहुतेक संख्यात्मक प्रश्नांची घडण अशीच असते, त्यामुळे या भागाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

सेंद्रिय रसायनात मात्र मामला गुंतागुंतीचा होतो. येथे मुलांच्या वह्या नावाजलेल्या अभिक्रियांच्या याद्यांनी भरलेल्या असतात: वुर्ट्झ, फ्रीडेल-क्राफ्ट्स, कॅनिझारो, हेल-फोलहार्ड-झेलिन्स्की. डाव्या बाजूला काय घालावयाचे, बाणावर काय लिहावयाचे आणि उजवीकडे काय निघते, अशा तीन रकान्यांत शे-दोनशे अभिक्रिया उतरवून त्या रोज सकाळी वाचून काढण्याची शिस्त अनेकांनी स्वतःला लावून घेतलेली असते. त्या शिस्तीचा मला आदर आहे. परंतु परीक्षक यादीतला पदार्थ जशाच्या तसा क्वचितच देतो. तो त्यात एखादा मिथाइल गट शेजारच्या कार्बनवर बसवून देतो, आणि मग तीन रकान्यांची वही निरुपयोगी होते.

अशाच एका प्रश्नाशी झुंजत असलेली एक विद्यार्थिनी डाऊट विचारावयास आली होती. ३,३-डायमिथाइलब्यूटेन-२-ऑल हे अल्कोहोल तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापविले असता मुख्य उत्पादन कोणते, असा प्रश्न होता. पाणी निघून जाते आणि दुहेरी बंध तयार होतो, हे तिला पाठ होते. त्याप्रमाणे साखळीच्या टोकाशी दुहेरी बंध असलेले ३,३-डायमिथाइलब्यूट-१-ईन तिने निवडले होते आणि उत्तरसूची ते चुकीचे म्हणत होती.

मी म्हटले, ‘अगं, उत्तर राहू दे. पाणी निघून गेल्यावर त्या कार्बनपाशी काय उरलं, तेवढं काढून दाखव.’

तिने धन प्रभार असलेला कार्बन काढला. त्याला दोन कार्बन जोडलेले होते, म्हणजे तो द्वितीयक कार्बोकॅटायन होता. शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल गट दाटीवाटीने बसलेले होते आणि तिकडे हायड्रोजन एकही नव्हता. ती त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने एका मिथाइल गटाभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले, त्यापासून प्रभाराकडे एक वाकडा बाण काढला आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, ‘सर, हा इकडे आला तर प्लस तिकडे जाईल, आणि तिकडचा टर्शरी होईल.’ तिथून पुढे तिला कोणाच्या साहाय्याची गरज राहिली नाही. तृतीयक कार्बोकॅटायन अधिक स्थिर, त्याच्या शेजारून प्रोटॉन निघाला की दुहेरी बंध मध्यभागी येतो, चारही बाजूंनी मिथाइल गट लाभल्याने तो बंधही सर्वांत स्थिर, म्हणून २,३-डायमिथाइलब्यूट-२-ईन. हे सारे तिने सलग सांगितले, आणि तसे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो उजाळा आला, तो बरोबर उत्तराचे चार गुण मिळाल्याच्या आनंदाहून निराळ्या जातीचा होता, याविषयी मला संशय नाही. इलेक्ट्रॉन कोठे विपुल आहेत, कोठे त्यांची वाण आहे आणि मधली अवस्था कितपत टिकेल, हे तीन प्रश्न ज्याने प्रत्येक आकृतीला विचारण्याची सवय लावून घेतली, त्याची शे-दोनशे अभिक्रियांची यादी पाहता पाहता पंधरा-वीस मूळ प्रकारांवर येऊन ठेपते.

आता असेंद्रिय. सर्वांत अधिक तक्रार याच भागाविषयी असते आणि सर्वांत अधिक अन्यायही याच भागावर होतो. २०२४ पासून जेईई मेनच्या अभ्यासक्रमातून हायड्रोजन, एस-गट, धातूंचे निष्कर्षण, पर्यावरण रसायन अशी प्रकरणे वगळली गेली, तेव्हा मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी पी-गट, संक्रमण मूलद्रव्ये आणि कोऑर्डिनेशन संयुगे शिल्लक आहेतच. या भागात कारणे नाहीत असे नव्हे. झिर्कोनियम आणि हाफ्नियम हे एकाच गटातले वरखाली असलेले धातू. खालचा अणू मोठा असावा अशी अपेक्षा, पण त्यांच्या त्रिज्या अनुक्रमे १६० आणि १५९ पिकोमीटर, म्हणजे जवळजवळ एकच. मध्ये लॅन्थेनाइडांची रांग येऊन गेली, ४एफ कक्षिकांतल्या इलेक्ट्रॉनांनी केंद्रकाचा प्रभार नीट झाकला नाही आणि अणू आकसले, हे एक कारण ध्यानात आले की पुढच्या पाच-सहा विधानांची सत्यासत्यता आपोआप ठरविता येते.

परंतु येथेच शिक्षकाच्या सचोटीची कसोटी लागते. मुले ‘का’ विचारू लागली की प्रत्येक ‘का’ला उत्तर देण्याचा मोह होतो, आणि मग कारण म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा कारण नसतेच. क्रोमियमच्या बाह्य रचनेत ४एसमध्ये दोनऐवजी एकच इलेक्ट्रॉन का, याचे उत्तर अर्धपूर्ण ३डी कक्षिकांची स्थिरता असे सर्वत्र दिले जाते. मॉलिब्डेनमलाही ते लागू पडते. त्याच गटातले टंगस्टन मात्र ५डीमध्ये चार आणि ६एसमध्ये दोन अशी सरळ रचना पत्करते. आणि निओबियमच्या ४डीमध्ये चार, ५एसमध्ये एक असे इलेक्ट्रॉन असतात, तेथे अर्धपूर्ण असे काहीच नाही. ज्या मुलाने क्रोमियमचे कारण सार्वत्रिक नियम म्हणून उचलले, तो या दोन ठिकाणी हमखास फसतो. अशा वेळी, ‘याचे खरे कारण बारावीच्या गणिताने मांडता येण्यासारखे नाही, म्हणून ही रचना तूर्त पाठच कर,’ असे मोकळेपणाने सांगणे मला योग्य वाटते. खोट्या कारणापेक्षा प्रामाणिक पाठांतर शतपटींनी बरे.

या वाटणीचे प्रमाण परीक्षेनुसार बदलते, हेही सांगितले पाहिजे. आपल्या राज्याच्या सीईटीमध्ये भौतिकशास्त्र आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि जेईईतून गेलेली बहुवारिकांसारखी प्रकरणे तेथे आजही हजर असतात. मिनिटभराचीही उसंत नसलेल्या अशा परीक्षेत, उलगडता येणारी गोष्टसुद्धा जिभेवर तयार असावी लागते. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत मी मुलांना आपल्या चाचण्यांतल्या चुकांची एक स्वतंत्र वही ठेवावयास सांगतो आणि प्रत्येक चुकीपुढे ‘आठवले नाही’ किंवा ‘सुचले नाही’ यांपैकी एकच शेरा मारण्याचा आग्रह धरतो. पहिल्या प्रकारावर उपाय उजळणीचा, दुसऱ्यावर तसलेच निराळे प्रश्न सावकाशीने सोडविण्याचा. ‘सिली मिस्टेक’ नावाचा तिसरा शेरा मुलांना फार प्रिय असतो. तो मी मान्य करीत नाही, कारण निवांत बसून तपासले असता त्यातल्या बहुतेक चुका पहिल्या दोन रकान्यांत बिनबोभाट जाऊन बसतात.

एवढी सगळी तयारी चालते ती मात्र कागदावर आणि पडद्यावर. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत रसायनाच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकांचे आहेत. परंतु प्रवेशपरीक्षेच्या धांदलीत कित्येक ठिकाणी ते उपस्थितीपत्रकाच्या आणि उतरवून काढलेल्या प्रयोगवहीच्या आधारे वसूल होतात, आणि ब्युरेटची तोटी आयुष्यात एकदाही न फिरविलेली मुले अनुमापनाचे प्रश्न झपाझप सोडवितात. याचे मला मनापासून दुःख होते. जमेल तेव्हा ओळखीच्या एका प्रयोगशाळेत मी थोड्या थोड्या मुलांना घेऊन जातो.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे अनुमापन हा त्यांतला माझा आवडता प्रयोग. त्याविषयीच्या सूचना मुलांना तोंडपाठ असतात: सल्फ्युरिक आम्लच घालावे, हायड्रोक्लोरिक वा नायट्रिक घालू नये; द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावे; वेगळा दर्शक नको. गडद जांभळ्या द्रावणाने भरलेल्या ब्युरेटसमोर उभे राहिल्यावर पहिली अडचण अशी येते की, द्रवाच्या पृष्ठभागाची खालची वक्र कड दिसतच नाही, वरची कड वाचावी लागते. ही गोष्ट त्यांनी वाचलेली असते, पण डोळ्यांनी ती त्याच दिवशी कळते. मग पहिला थेंब पडतो. गुलाबी छटा पसरते आणि फ्लास्क हलवीत राहिले तरी चटकन जात नाही, तेव्हा अंत्यबिंदू आलाच असे वाटून मुले वाचन टिपावयास धावतात. थोडे थांबावयास सांगितले की रंग हळूहळू ओसरतो. दुसरा थेंब थोडा लवकर, आणि पुढचे तर पडता पडताच विरघळून नाहीसे होऊ लागतात. असे का होते, हे विचारण्याची वेळ माझ्यावर येत नाही. प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. अभिक्रियेतून उत्पन्न झालेला मँगनीज आयनच तिला उत्प्रेरक ठरतो, हे ‘स्वयंउत्प्रेरण’ या मथळ्याखाली पाठ केलेले एक ओळीचे उदाहरण तेथे त्यांच्या हाताखाली घडत असते.

एकदा असाच प्रयोग चालू असताना निलंग्याकडचा एक अबोल मुलगा फ्लास्क हलविता हलविता मध्येच थांबला. ‘सर, मोहर सॉल्टला मग का तापवायचं नाही?’ असे त्याने परमँगनेटच्याच दुसऱ्या अनुमापनाविषयी विचारले, आणि मी तोंड उघडण्यापूर्वी स्वतःच म्हणाला, ‘फेरस आहे. गरम केलं तर हवेनंच फेरिक होऊन जाईल, परमँगनेटला काय उरणार?’ नंतर हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, याचाही त्याने त्याच वाटेने छडा लावला: परमँगनेट क्लोराइडाचेच ऑक्सिडीकरण करून क्लोरीन काढील, ब्युरेटमधून द्रावण जास्त खर्ची पडेल आणि आम्लाचा हिशेब चुकेल, नायट्रिक आम्ल तर स्वतःच ऑक्सिडीकारक, तेथे उलट कमी पडेल. तीन निरनिराळ्या पानांवर पाठ केलेल्या तीन सूचना त्याच्यापुरत्या एकत्र आल्या आणि पाठांतराच्या रकान्यातून कायमच्या बाहेर पडल्या. ज्या संस्था या मुलांचे दोन वर्षांचे शुल्क घेतात, त्यांनी आठवड्यातून एक दुपार तरी प्रयोगशाळेचे कुलूप उघडावे आणि त्या दुपारी कोणतीही चाचणी ठेवू नये, एवढीच माझी त्यांच्याकडे मागणी आहे.