गुडघा अर्धा बदलावा की पूर्ण? रोबोटचा प्रश्न त्यानंतरचा

समुद्र ओलांडून उलव्याजवळ उतरणाऱ्या सेतूला ज्यांचे नाव आहे, त्या अटल बिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले होते. डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कचे नामवंत सर्जन. १९७४ च्या सुमारास डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर ज्यांनी आधुनिक संपूर्ण गुडघेबदलाचा पाया घातला, त्यांपैकी ते एक होत. पंतप्रधानांनीच हे ऑपरेशन करून घेतल्यावर सामान्य घरांतील भीतीही थोडी कमी झाली. आज मात्र प्रश्न बदलला आहे. ‘‘फादर, आता म्हणे रोबोट अर्धाच गुडघा बदलतो. ते बरे का?’’ असे ज्येष्ठ मंडळी आम्हांस विचारतात.

या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. गुडघ्याचा किती भाग बदलायचा, हा पहिला. तो हाताने बदलायचा की यंत्राच्या साहाय्याने, हा दुसरा. जाहिराती दोहोंची गल्लत करतात, म्हणून ते वेगळे करून पाहू.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात : आतील बाजूचा, बाहेरील बाजूचा आणि वाटीमागचा. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा, जिला आपण बोलीत गादी म्हणतो, ती झिजली की हाडावर हाड घासू लागते. आपल्याकडे बहुधा आतील कप्पा आधी झिजतो आणि पाय धनुष्यासारखे वाकतात. संपूर्ण बदलात मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात व मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवतात. त्यात गुडघ्याच्या मधोमध असलेला पुढचा अस्थिबंध सहसा काढावा लागतो. आंशिक बदलात केवळ झिजलेला कप्पा बदलतात, अस्थिबंध जागच्या जागी राहतात. साहजिकच जखम लहान, रक्तस्राव कमी, चालणे लवकर, आणि गुडघा अधिक ‘आपला’ वाटतो.

मग सर्वांनी अर्धाच का बदलू नये? कारण सर्वांचा गुडघा त्यास योग्य नसतो. झीज एकाच कप्प्यात हवी, अस्थिबंध शाबूत हवेत, पायाचा बाक सरळ होण्याजोगा हवा आणि आमवातासारखा संपूर्ण सांध्यास ग्रासणारा विकार नसावा. आपल्याकडील पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षे मलम आणि गोळ्यांवर दिवस काढून, तिन्ही कप्पे झिजल्यावर सर्जनकडे जातात. त्यांच्यासाठी संपूर्ण बदल हाच योग्य मार्ग होय, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जे दोन्हींस योग्य आहेत, त्यांच्याविषयी ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास झाला. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : पाच वर्षांनंतर वेदना व हालचाल या बाबतींत दोन्ही गट जवळपास सारखेच होते, आंशिक बदलाचा एकूण खर्च मात्र कमी होता. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीनुसार आंशिक बदलानंतर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण संपूर्ण बदलापेक्षा बरेच अधिक आहे. उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात, हे त्याचे एक कारण. क्वचितच आंशिक बदल करणाऱ्या सर्जनच्या हातून हे प्रमाण आणखी वाढते.

आता रोबोट. तो एकटा ऑपरेशन करतो, ही समजूत चुकीची आहे. एका प्रचलित पद्धतीत आधी सीटी स्कॅन करून संगणकावर गुडघ्याचे चित्र उभे करतात, मग हाडांत खुणेच्या पिना बसवतात. यंत्राचा हात सर्जनच्याच हातात असतो. ठरवलेल्या सीमेबाहेर हत्यार जाऊ लागले की यंत्र ते रोखते. काही यंत्रे हाड स्वतः तासतात, तीही सर्जनने आखलेल्या योजनेनुसारच. आंशिक बदलात जागा लहान असल्याने या अचूकतेचे मोल अधिक. ग्लासगो येथे १३९ रुग्णांच्या अभ्यासात रोबोटच्या साहाय्याने भाग अधिक नेमके बसले. परंतु पाच वर्षांनी चालण्या-फिरण्यात दोन्ही गटांत फारसा फरक राहिला नाही. आमच्या मते आंशिक बदल सतत करणारा अनुभवी सर्जन हा यंत्रापेक्षा मोठा आधार आहे.

खर्चाचीही चौकशी करावी. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये, अधिक कर, अशी होती. ही मर्यादा कृत्रिम भागांपुरती आहे, यंत्राच्या आकारणीस ती लागू नाही. तेव्हा कृत्रिम भाग, रोबोट, खोली व फिजिओथेरपी यांचे आकडे वेगवेगळे मागावेत.

मिस्सात गुडघे टेकता येतील का, हाही प्रश्न असतो. दोन्ही प्रकारांनंतर अनेकांना ते जड जाते. प्रकृतीमुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांनी उभे राहून नतमस्तक व्हावे, असे उपासनाविधीचे नियमच सांगतात, संकोच नको.

दुसऱ्या सर्जनचे मत घेण्यास जाताना उभे राहून काढलेला एक्स-रे न्यावा. झोपून काढलेल्या एक्स-रेत शरीराचा भार गुडघ्यावर नसतो, त्यामुळे झीज आहे त्याहून कमी दिसते.