‘पुट ऑफ’ : दोन लहान शब्द आणि त्यांचे अनेक अर्थ

इंग्रजी शिकतांना आमच्या विद्यार्थ्यांस मोठमोठ्या शब्दांचें भय वाटतें. परंतु त्यांची खरी फसगत होते ती लहान शब्दांनीं. मोठा शब्द अडला म्हणजे विद्यार्थी कोश उघडतो. ‘पुट’ आणि ‘ऑफ’ हे शब्द मात्र त्यास पहिल्या वर्षापासून ठाऊक असतात. म्हणून ते एकत्र येऊन निराळाच अर्थ दाखवूं लागले, तरी कोश पाहण्याचें त्याच्या मनांतहि येत नाहीं.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. क्रियापदापुढें लहानसें अव्यय जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजींत फार असून परकीयांस तीच अतिशय कठीण जाते, असें डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें आहे. अशा जोडक्रियापदांस हल्लीं ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. आपणांस हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. संस्कृतांतील ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. भेद इतकाच कीं, संस्कृत उपसर्ग धातूच्या आधीं येतो, आणि इंग्रजी अव्यय क्रियापदाच्या मागून येतें.

आतां ‘पुट ऑफ’कडे वळूं. ‘पुट’ म्हणजे ठेवणें व ‘ऑफ’ म्हणजे दूर. वाक्य वाचतांना ‘येथें काय दूर ठेविलें?’ एवढा एकच प्रश्न विचारावा, म्हणजे बहुतेक सर्व अर्थ उलगडतात.

पहिला अर्थ, काम दूर ठेवणें, म्हणजे लांबणीवर टाकणें. ‘द मॅच वॉज पुट ऑफ अन्टिल सॅटर्डे’, म्हणजे सामना शनिवारपर्यंत पुढें ढकलला. सामना रद्द झाला असें मात्र समजूं नये. त्या अर्थीं ‘कॉल ऑफ’ म्हणतात.

दुसरा अर्थ, माणसास दूर ठेवणें. ‘ही पुट ऑफ हिज क्रेडिटर्स विथ प्रॉमिसेस’, म्हणजे त्यानें नुसते वायदे करून सावकारांस वाटेस लाविलें.

तिसरा अर्थ, मन दूर होणें, म्हणजे विटणें किंवा कचरणें. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’, म्हणजे त्या वासानें माझी अन्नावरची वासनाच उडाली.

चौथा अर्थ, अंगावरील वस्त्र किंवा पायांतील जोडा उतरविणें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तो आढळतो. आजच्या भाषेंत तेथें ‘टेक ऑफ’ म्हणतात.

यांपैकीं एकच अर्थ पाठ करून भागत नाहीं. समजा, शिष्यवृत्तीच्या सूचनेंत ‘डू नॉट बी पुट ऑफ बाय द लाँग फॉर्म’ असें वाक्य आलें. अर्ज लांबलचक आहे म्हणून कचरूं नका, असा त्याचा भाव. परंतु ज्यास ‘लांबणीवर टाकणें’ एवढाच अर्थ ठाऊक, तो अर्जाचेंच काम पुढें गेलें असें समजून स्वस्थ बसेल आणि मुदत गमावील.

रचनेचे दोन नियमहि ध्यानांत असावेत. कर्म नाम असेल तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ हीं दोन्ही रूपें शुद्ध होत. कर्म सर्वनाम असेल तर तें मध्येंच आलें पाहिजे : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ ही रचना अशुद्ध होय. तसेंच ‘जाणें लांबणीवर टाकिलें’ याचें इंग्रजी ‘पुट ऑफ गोइंग’ असें करावें, ‘पुट ऑफ टु गो’ असें करूं नये.

विद्यार्थ्यांनीं अशीं क्रियापदें वहींत उतरून घेतांना सुटा अर्थ न लिहितां प्रत्येक अर्थाखालीं एक पुरें वाक्य लिहावें. पालकांस इंग्रजी येत नसलें तरी हरकत नाहीं. त्यांनीं मुलास तें वाक्य मराठींत समजावून सांगण्यास लावावें. सांगतांना तो अडखळला, तर कोश पाहण्याचें काम मात्र उद्यांवर टाकूं देऊं नये.